भाच्याची हिमालयन

भाचा परवा फोटो घेऊन आला. "मामू, २०१७ची हिमालयन, एक लाखात मिळतेय!" आपा गप्प होती, पैसे तिच्या बांगड्यांचे येणार होते.

मी म्हटलं, थोडे जास्त गेले तरी एबीएस असलेली बघ. या गाडीला ते २०१८मध्ये आलं. ओल्या घाटात जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. पण त्याचं मन त्याच गाडीवर.

रविवारी बघायला गेलो. इंजिन थंड ठेवा, असं फोनवर सांगितलं होतं. तरी मालकाने आधीच चालू करून गरम केलेलं. माझ्या मनात पाल चुकचुकली. डबल स्टँडवर लावून हँडल हळूहळू फिरवलं, तर मध्यावर अडकायचं. कोनसेट गेलेला. पुढच्या फोर्कवर तेल. हा सगळा खर्चाने सुटणारा प्रश्न, म्हणून किंमत पाडून मागता आली असती.

अडलं ते आरसीवर. कर्जाचा बोजा तसाच! बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मागितला, तर "आधी पैसे द्या, कागद नंतर देतो."

चहा पिऊन परतलो. भाचा रस्ताभर बोलला नाही. आपाने बांगड्या पुन्हा कपाटात ठेवल्या.