सागवान भंगारात, भुसा दिवाणखान्यात

पुण्यात सध्या कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, कुठेही चक्कर मारा. एखादी तरी सोसायटी रिडेव्हलपमेंटसाठी रिकामी होताना दिसतेच. आणि तिच्या गेटबाहेर कंपाउंडला टेकून अर्धा संसार उभा असतो. सागवानी कपाट, वेताची बैठक फाटलेली खुर्ची, शिलाई मशीनचा बिडाचा स्टँड, आजीच्या बाळंतपणातला पलंग. टेम्पोवाला येतो, आरसा आणि पितळी कड्या आधी काढून घेतो आणि वर ऐकवतो, "ताई, उचलून नेतोय हेच खूप समजा."

आपणही ते खूपच समजतो.

मंडळी, मला राग टेम्पोवाल्याचा येत नाही. त्याला सागवान कळतं, म्हणून तर तो येतो. राग येतो तो आपला. बिल्डरशी कार्पेट एरियाच्या एकेका फुटासाठी दोन-दोन वर्षं भांडणारे आपण, पन्नास-साठ वर्षं वाढलेल्या झाडाचं लाकूड अर्ध्या तासात फुकट देऊन टाकतो. आणि मग नव्या फ्लॅटसाठी हप्त्यावर आणतो काय? पार्टिकल बोर्ड. म्हणजे लाकडाचा चुरा किंवा उसाचं चिपाड रेझिनमध्ये दाबून केलेला पाट, वरून लाकडासारखा दिसणारा छापील कागद चिकटवलेला. मोरीचं पाणी एकदा खालून लागू द्या, दिवाळीतल्या अनारशासारखा फुगतो. बिजागरीचा स्क्रू एकदा निघाला की त्या भोकात पुन्हा धरत नाही. शिवाय यातल्या बऱ्याच बोर्डांना जोडणारं रेझिन फॉर्मल्डिहाइडचं असतं. नव्या कपाटाला जो डोळ्यांना झोंबणारा वास येतो ना, तो बहुतेक वेळा त्याचाच. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ते २००४ सालीच माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलंय. त्याला आपण 'मॉडर्न लुक' म्हणतो.

कोणी म्हणेल, स्वस्त तर पडतं. पडतं का? पाच-सात वर्षांनी तेच कपाट पुन्हा घ्यावं लागलं की हिशोब मांडून बघा. आणि मोडलेल्या पार्टिकल बोर्डाला भंगारवालाही हात लावत नाही. ते जातं कुठे? थंडीत वॉचमनच्या शेकोटीत, सनमायकासकट, आणि तो धूर तो माणूस रात्रभर घेतो. नाहीतर ओढ्यात. २०१९च्या सप्टेंबरात आंबील ओढ्याने काय केलं ते अरण्येश्वर-सहकारनगरच्या लोकांना मी सांगायला नको. तरी आजही पुलावरून वाकून बघा, सोफे आणि गाद्या पडलेल्या दिसतात. उरलेलं कचरा डेपोवर. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी आपल्या शहराचा कचरा किती वर्षं नाकाशी सोसला आणि त्यासाठी किती आंदोलनं केली, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपला 'नवा लुक' कोणाच्या तरी दारात जाऊन पडतो, एवढंच.

आता दुसऱ्या बाजूचंही ऐकून घेते. जागा नाही, वेळ नाही, भाड्याच्या घरात अवजड कपाट चढवायचं कसं, लिफ्टमध्ये मावत नाही. खरं आहे. प्रत्येकाने सगळं ठेवावं असं मी म्हणत नाहीच. पण जुनं सागवानी कपाट बहुधा सुटं होतं. त्याचे सांधे भोक पाडून त्यात कुसू बसवलेले असतात, आणि जुना सरस गरम पाण्याने किंवा वाफेने सुटतो. जुन्या सुताराने ते दुरुस्त व्हावं म्हणूनच तसं केलं होतं. शिवाय कपाट कपाटच राहिलं पाहिजे असं कोणी सांगितलं? दोन दारांचं एक टेबल होतं. पलंगाच्या डोक्याकडच्या फळीचा गॅलरीतला बाक होतो. शिलाई मशीनच्या स्टँडवर फळी टाकली की पोराचं अभ्यासाचं टेबल तयार. जुने पाट भिंतीवर शेल्फ म्हणून छान बसतात.

"आम्हाला जमणार नाही" म्हणणाऱ्यांसाठी सुरुवात कशी करायची ते सरळ सांगते.

पहिलं, ओळखा. खण बाहेर काढा, उलटा करा. लाकडाच्या रेषा वरून कडेपर्यंत सलग गेल्या असतील तर ते भरीव लाकूड. बिजागरीच्या भोकात चुरा दिसला तर बोर्ड, त्यावर कष्ट घालू नका. बारीक भोकांतून पिठासारखा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे. आधी तिचा बंदोबस्त, मग बाकीचं. ढेकणांचंही तेच.

दुसरं, पहिल्याच दिवशी कपाटाला हात घालू नका. एक डुगडुगणारी खुर्ची किंवा स्टूल घ्या. सांधा उघडा, जुना सरस पूर्ण खरवडून काढा, कारण जुन्यावर नवा चिकटत नाही. फेविकॉल लावा. शिकंजा नसेल तर दोरी गुंडाळून तिच्यात काठी घालून पीळ द्या. चोवीस तास हात लावू नका. स्क्रू सैल झाला असेल तर भोकात फेविकॉलसकट लाकडाची बारीक काडी ठोका आणि वाळल्यावर स्क्रू पुन्हा पिळा. खण अडकतोय? मेणबत्ती घासा. पण पावसाळ्यात अडकणाऱ्या खणावर रंधा मारू नका. लाकूड तेव्हा पाणी पिऊन फुगलेलं असतं, जानेवारीत तोच खण खुळखुळेल.

तिसरं, पॉलिश. कोपऱ्यात कापसाने स्पिरिट लावून बघा. चिकट झालं तर ते चपड्याचं जुनं पॉलिश आहे. ते पुसून पुन्हा चढवता येतं, सगळं घासायची गरज नाही. घासायचंच असेल तर लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आधी ८० नंबरचा पॉलिशपेपर, मग १२०, मग २२०. हे काम दिवाळीनंतर काढा. दमट हवेत चपड्यावर पांढरी झाक येते. आणि जवसाचं तेल लावलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून ठेवा.

चौथं, आणि हे नीट वाचा. जुना ऑइलपेंट असलेलं फर्निचर कोरडं घासू नका, घरात लहान मूल असेल तर अजिबातच नाही. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याच्या आधीच्या हिरव्या-पिवळ्या कपाटात शिसं असू शकतं आणि ती धूळ मुलांच्या मेंदूला घातक असते. असा रंग जाणकाराकडून काढून घ्या, नाहीतर आहे तसा ठेवून वरून नवा हात द्या.

आणि हो, रील बघून चांगल्या सागवानावर पांढरा चॉक पेंट फासणाऱ्यांना हात जोडून विनंती. रंगवायला साधं प्लायवुड आहे, देवदाराची खोकी आहेत. सागाला सोडा.

पण हे सगळं घरात बसून होणारं काम आहे, आणि मला तिथेच थांबायचं नाही. कारण ज्याला जमत नाही त्याने काय करावं याचं उत्तर आज या शहराकडे धड नाही. ओला-सुका वेगळा करायला आपल्याला शिकवलं, ते बरंच झालं. पण मोडका पलंग ओला की सुका? घंटागाडीत तो जात नाही. 'स्वच्छ'च्या कचरावेचक भगिनी जुन्या वस्तू गोळा करण्याचे उपक्रम करतात, त्यांना सलाम. पण महापालिकेचं काम त्या बायांच्या खांद्यावर किती दिवस टाकायचं?

म्हणून मागण्या स्पष्ट लिहिते.

एक, प्रत्येक प्रभागात महिन्यातून एक ठरलेला दिवस, फक्त फर्निचर आणि गाद्यांसाठी. तारीख आधी जाहीर करा आणि पाळा.

दोन, गोळा झालेलं चांगलं लाकूड चुरा करायला पाठवायचं नाही. ते दुरुस्त करायला एक शेड द्या, चार सुतार मानधनावर ठेवा. आयटीआयमध्ये सुतारकामाचा ट्रेड आहे, त्या पोरांना तिथे हात बसवू द्या. दुरुस्त झालेली बाकं-टेबलं पालिकेच्याच शाळा आणि अंगणवाड्यांना जाऊ देत.

तीन, ही मागणी आपल्या स्वतःकडे. रिडेव्हलपमेंटच्या करारात आपण भाडं, कॉर्पस, शिफ्टिंग सगळं लिहून घेतो. त्यात एक ओळ वाढवा. इमारत पाडण्याआधी जुनी दारं, चौकटी आणि फर्निचर सभासदांना काढून नेता येईल, तोवर ते ठेवायला आवारात झाकलेली जागा मिळेल. बिल्डरला हे जड नाही. आजवर आपण मागितलंच नाही. पाडणारा ठेकेदार त्या चौकटी वाऱ्यावर सोडत नाही हो, विकतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जुन्या सागाचा भाव विचारून या, म्हणजे 'अडगळ' म्हणून आपण काय देऊन टाकलं ते कळेल.

आपल्याच पेठांमध्ये दुरुस्ती करणारे सुतार, वेत विणणारे, पॉलिशवाले अजून आहेत, पण वयाने थकलेत. त्यांना काम दिलं नाही तर त्यांच्यामागे हे शिकणारं कोणी राहणार नाही. मग हौस असली तरी विचारायला माणूस सापडणार नाही.

तुमच्या सोसायटीची पुढची मीटिंग कधी आहे? विषयपत्रिकेत हा मुद्दा घालायला सेक्रेटरीला आजच लेखी पत्र द्या, तोंडी नको. आणि तुमच्या भागात चांगला, प्रामाणिक सुतार असेल तर त्याला विचारून त्याचा पत्ता शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्या. घराबाहेर काढून ठेवलेलं कपाट या रविवारपर्यंत तरी आत घ्या.