खिडकी उघडावी की मिटावी?

भोपाळमधील अयोध्या बायपासच्या रुंदीकरणावर चर्चा झाली, ती प्रामुख्याने तोडल्या जाणाऱ्या झाडांची. लगतच्या अयोध्या नगरातील घरांत कोणती हवा शिरते, हा प्रश्न बाजूलाच राहिला. रस्त्याकाठच्या कुटुंबापुढे पेच असतो: खिडकी उघडावी तर धूळ आणि वाहनांचा धूर आत येतो, मिटावी तर फोडणीचा, उदबत्तीचा, डासांच्या कॉइलचा धूर आतच कोंडतो.

गोमंतकीयांना हा पेच परका नाही. पणजीतील स्मार्ट सिटीच्या कामांच्या धुळीचा प्रश्न २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेला होता.

घरातले उपाय सोपे आहेत: कोरड्या केरसुणीनंतर ओले फडके, स्वयंपाकाच्या वेळी एक्झॉस्ट पंखा, कॉइलऐवजी मच्छरदाणी, रहदारी ओसरल्यावर उघडलेल्या खिडक्या. मात्र बाहेरची हवाच मलिन असेल, तर ते अपुरे पडतात. सूक्ष्म धूलिकणांची (पीएम २.५) आपली वार्षिक मर्यादा प्रति घनमीटर ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस अवघी ५ आहे. शिवाय २००९ ची आपली मानके परिसरातील हवेपुरती आहेत. उंबरठ्याच्या आत त्यांचा अंमल नाही.

म्हणूनच घराची हवा ही केवळ गृहिणीची जबाबदारी ठरू नये. धूळ रोखण्यासाठी पाणी शिंपडणे, माती झाकून नेणे यांची तरतूद २०१८ च्या केंद्रीय नियमांत आहे. त्यांचे पालन झाल्याविना कंत्राटदाराचे देयक मंजूर होऊ नये. खिडकी निर्धास्तपणे उघडता यावी, एवढी हमी तरी विकासकामांनी द्यायला हवी.