काळी थीम सर्वांच्या माथी कशाला?



‘काळी थीमच डिफॉल्ट हवी’ या लेखात बॅटरी वाचते, असे सरसकट ठोकून दिले आहे. ते ओएलईडी पडद्यापुरते खरे. तिथे काळा पिक्सेल विझतो. एलसीडीत मागचा दिवा जळतच असतो. काळा पडदा ही संगणकाची मूळ परंपरा, हेही अर्धसत्य. ती जुन्या टर्मिनलांची गोष्ट. झेरॉक्स स्टार (१९८१) आणि मॅकिंटॉश (१९८४) यांनी कागदासारखी पांढरी पार्श्वभूमीच निवडली.

राहिला डोळ्यांचा मुद्दा. काळ्या पार्श्वभूमीवर बाहुली विस्फारते आणि नजरेतला बारीक दोषही जाणवू लागतो. दृष्टिवैषम्य असलेल्या अनेकांना पांढरी अक्षरे कडेने पसरलेली दिसतात. देवनागरीला तर याचा फटका अधिकच, कारण लहान टायपात रफार आणि अनुस्वार शिरोरेषेवर एकमेकांत मिसळतात. रात्री अंधाऱ्या खोलीत काळी थीम बरी वाटते, हे कबूल. पण त्यासाठी अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये २०१९ पासून पर्याय आहेच. डिफॉल्ट असते ती सेटिंगला हात न लावणाऱ्यांसाठी, आणि त्यातले बरेचसे दिवसाउजेडी काम करतात. लेखकाने सुचवलेली काळ्यावरची गडद करडी अक्षरे वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या निकषांतील ४.५:१ या किमान कॉन्ट्रास्टला उतरतात का, तेवढे मोजून मग आग्रह धरावा.

– एक वाचक, पुणे