शांतता समितीत बाया कुठे आहेत?

सण जवळ आले की ठाण्यातून निरोप येतो. शांतता समितीची बैठक आहे, या. मीही जात आलो आहे. समोर ठाणेदार, बाजूला तहसीलदार, मग नगरसेवक, मंडळांचे अध्यक्ष, मस्जिदीचे मुतवल्ली, दोन-चार व्यापारी आणि आमच्यासारखे ‘प्रतिष्ठित’. चहा येतो. मिरवणुकीचा मार्ग, डीजेचा आवाज, झेंड्याची उंची यावर बोलणे होते. फोटो निघतो. त्या फोटोत बाई दिसलीच तर ती बंदोबस्ताची महिला शिपाई असते.

मागच्या खेपेला शेजारच्या आपाला विचारले, तुम्ही का नाही आलात? त्या हसून म्हणाल्या, ‘हमको कौन बुलाता भाई?’ पलीकडच्या गल्लीतल्या काकूंचे उत्तर तेच, फक्त वऱ्हाडीत: ‘थाण्यात बायाईचं काय काम?’

माझे भांडण याच प्रश्नाशी आहे. तो काकूंनी विचारला, पण त्यांना शिकवला आपण.

2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मुस्लिमांनी जुलूस एक दिवस पुढे नेला, सरकारने सुट्टी 29 तारखेला दिली. चांगला निर्णय होता, आणि पुढच्या वर्षीही तसेच घडले. पण तारखा बदलून रस्ता मोकळा होतो, मोबाइलवर आलेली अफवा थांबत नाही. ती घरात शिरते, स्वयंपाकघरात बोलली जाते, पोरगा ती ऐकून बाहेर पडतो. त्याला उंबऱ्यावर अडवू शकणारे माणूस समितीत नाही. पोरगा कोठडीत गेल्यावर वकिलासाठी दागिना मोडणारे, संचारबंदीत दुधासाठी आणि बाळंतीणीच्या गाडीसाठी हात जोडणारे माणूसही समितीत नाही. ज्यांच्या घरावर दंगलीचा हिशेब निघतो, त्यांना वगळून आपण शांतता ठरवतो. माझ्या लेखी ती मिरवणुकीच्या ठेकेदारांमधली तडजोड आहे.

उलट, बाईच्या नावाने मात्र सगळे बोलतात. 2022-23 मध्ये महाराष्ट्रभर ‘लव्ह जिहाद’विरोधी मोर्चे निघाले. डिसेंबर 2022 मध्ये राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती नेमली. आमच्याकडेही मुलींना कॉलेजात पाठवावे की नाही, यावर पुरुषच तावातावाने बोलत होते. दोन्हीकडे बाई हा भाषणाचा विषय होती. तिला काय वाटते हे विचारायला कुणी थांबले नाही.

आता माझ्या बिरादरीशी थोडे स्पष्ट बोलतो. बायकांना बैठकीत बसवणे आपल्या रिवाजात नाही, असे मला सांगितले जाते. हिजरी 6 मध्ये हुदैबियाचा तह झाला. तहाच्या अटी साथीदारांना इतक्या जिव्हारी लागल्या की प्रेषित मुहंमद (स.) यांनी कुर्बानी करून केस उतरवायला सांगितले तरी कुणी उठेना. प्रेषित तंबूत गेले आणि हजरत उम्मे सलमा (र.) यांना ही गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या की कुणाशी काही न बोलता बाहेर जा आणि स्वतःची कुर्बानी आधी करा. त्यांनी तसे केले आणि सगळे उठले. तह टिकला तो एका बाईच्या सल्ल्याने. पुढे मक्का विजयाच्या वेळी उम्मे हानी (र.) यांनी विरोधी पक्षाच्या माणसांना आसरा दिला. त्यांचे सख्खे भाऊ हजरत अली (र.) त्या माणसांना मारायला निघाले होते, पण प्रेषितांनी बाईने दिलेले अभय मान्य केले. सल्ला आणि संरक्षण, दोन्ही बाईच्या हातून. मग आपल्या जमातीच्या कमिटीत एकही बाई नाही, हा रिवाज नेमका कुणाचा?

वर्ध्याच्या माणसाला तर फार लांब जायचीही गरज नाही. सेवाग्राम आपल्यापासून आठ किलोमीटरवर आहे. तिथल्या आश्रमात बीबी अमतुस सलाम राहत. पतियाळा संस्थानातल्या मुस्लिम घरातली ही बाई, प्रकृती कायम नाजूक. ऑक्टोबर 1946 मध्ये नोआखालीत दंगल पेटली, तिथे हिंदूंवर हल्ले झाले. गांधीजींच्या सोबत्यांपैकी एकेक जण एकेका गावात जाऊन बसला. अमतुस सलाम सिरंडी गावात बसल्या. तिथली एक तलवार गावातल्या मुसलमानांकडून परत मिळत नव्हती. ती परत करा आणि हिंदू शेजाऱ्यांना निर्भय करा, एवढ्यासाठी त्यांनी डिसेंबरअखेर उपोषण धरले. पंचविसाव्या दिवशी, 20 जानेवारी 1947 ला, गांधीजी सिरंडीत पोचले. गावच्या मुसलमानांनी शांततेची लेखी हमी दिली, तेव्हा उपोषण सुटले. फाळणीनंतर त्यांनी पळवून नेलेल्या स्त्रियांना सोडवण्याचे आणि राजपुऱ्यात निर्वासितांना वसवण्याचे काम केले.

यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की त्या उपाशी बसल्या त्या स्वतःच्याच धर्मबांधवांसमोर. समोरच्याची तलवार मोजणे सोपे असते. आपल्या घरातली तलवार बाहेर काढायला सांगणे कठीण, आणि ते काम त्या आजारी बाईने केले. आश्रम पाहायला येणाऱ्यांना आपण बापूकुटी दाखवतो. अमतुस सलाम हे नाव किती जणांना सांगतो?

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. बायाही दंगलीत असतात. 1992-93 च्या मुंबईत बायका जमावात होत्या, घोषणा देत होत्या. मान्य. म्हणून मी त्या स्वभावाने शांत असतात, असे म्हणतच नाही. पुरुष दंगली करतात म्हणून आपण त्यांना समितीतून काढत नाही, उलट दंगल करू शकणाऱ्याला आधी बोलावतो. मग सोज्वळपणाची अट बाईलाच का? तिची जागा हक्काची आहे आणि गल्लीची माहिती तिच्याकडे आहे, एवढे कारण पुरेसे आहे.

दुसरा आक्षेप, बाया पुढे येत नाहीत. 2020 च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत मुंबईत नागपाड्याच्या मोरलँड रोडवर बाया रात्रंदिवस बसून होत्या. दिल्लीत शाहीन बाग होतीच. महाराष्ट्रातल्या पंचायतींत 2011 पासून निम्म्या जागा बायांच्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 31 ऑक्टोबर 2000 ला ठराव 1325 करून शांततेच्या निर्णयांत स्त्रियांचा सहभाग मागितला. 2007 मध्ये भारताने लायबेरियात महिला पोलिसांची संपूर्ण तुकडी पाठवली, तिचे कौतुक जगभर झाले. लायबेरियाची शांतता आपल्या बाया सांभाळू शकतात आणि हिंगणघाट, आर्वी, पुलगावची नाही?

मागणी साधी आहे. शांतता समितीत निम्म्या बाया असाव्यात, तसा शासन निर्णय निघावा. त्या नगरसेवकाच्या घरातल्याच नकोत. बचत गटातल्या, भाजी विकणाऱ्या, शिकवणाऱ्या, बुरखा घालणाऱ्या आणि न घालणाऱ्याही हव्यात. बैठक ठाण्यात रात्री नको, शाळेत दुपारी घ्या. साक्षीसाठीसुद्धा बाईला ठाण्यात बोलावू नये, असे कायदा म्हणतो, मग शांततेसाठी तिने तिथे का यावे? आशाताई आणि अंगणवाडी सेविका घरोघर जातात, त्यांचा अनुभव जरूर घ्या, पण त्यांना पोलिसांचे खबरी करू नका आणि फुकट राबवूही नका. गल्लीचा त्यांच्यावरचा विश्वास एकदा गेला तर लसीकरणही अडेल.

आणि हे सगळे शासन निर्णयाची वाट न पाहताही सुरू करता येईल. पुढच्या बैठकीचा निरोप आला की मी ठाणेदारांना सांगणार आहे, माझ्या खुर्चीवर आपा बसतील आणि पलीकडच्या मंडळाच्या अध्यक्षांनी काकूंना आणावे. आपा तयार आहेत. त्यांनी एकच विचारले, ‘बोलने देंगे ना?’ याचे उत्तर मला एकट्याला देता येत नाही. ते त्या खोलीतल्या प्रत्येक पुरुषाने द्यायचे आहे.