बुक व्हॅल्यू वाढली, म्हणजे नेमकं काय वाढलं?

भिशीच्या दिवशी शेजारच्या वहिनी एक कागद घेऊनच आल्या. घरं बांधणाऱ्या दोन कंपन्यांची नावं, आणि खाली आकडे. पाच वर्षांत एकीची बुक व्हॅल्यू दुप्पट, दुसरीची जेमतेम दीडपट. "मग ताई, पहिलीच बरी ना? मुलीच्या शिक्षणाचे पैसे तिच्यातच घालावे म्हणते."

मी म्हटलं, थांबा. भिशी आटोपली की बसू.

बुक व्हॅल्यू म्हणजे कंपनीच्या मालकीचं जे काही आहे त्यातून देणं वजा करायचं आणि उरलेल्याला शेअरांच्या संख्येने भागायचं. इतकं सोपं. पण ती कशाने वाढली, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

समजा, कंपनीचे 100 शेअर आहेत, प्रत्येकाची बुक व्हॅल्यू 100 रुपये. एकूण झाले 10,000. बाजारात तेजी आली, म्हणून कंपनीने आणखी 50 शेअर 400 रुपयांना विकले. 20,000 आले. आता 30,000 भागिले 150, म्हणजे 200 रुपये. झाली की दुप्पट! आणि वीट एकही रचलेली नाही. "म्हणजे माहेरून आलेले पैसे नवऱ्याच्या पगारात धरल्यासारखंच!" वहिनी म्हणाल्या. अगदी तसंच. 2007 साली डीएलएफने 2 रुपये दर्शनी किमतीचा शेअर 525 रुपयांना विकला होता. असा वरचा सगळा पैसा बुक व्हॅल्यूत जमा होतो. उलट जी कंपनी दरवर्षी लाभांश वाटते, तिची बुक व्हॅल्यू तेवढी कमी दिसते. पण तो लाभांश आपल्या हातात आलेला असतो, हे आपण विसरतो.

जमिनीची गंमत तर आणखीच. विकायला बांधायच्या घरांची जमीन वहीत खरेदीच्या भावाने राहते. भाव पडला तर आकडा कमी करायचा, चढला तर वाढवायचा नाही. आपल्या चादरी-टॉवेलवाल्या बॉम्बे डाईंगचंच बघा. ही कंपनी घरंही बांधते. मार्च 2023 च्या ताळेबंदात तिची बुक व्हॅल्यू शून्याच्याही खाली होती, आणि त्याच वर्षी वरळीची सुमारे 22 एकर जागा विकायचा करार झाला, जवळजवळ 5,200 कोटींना! आता शून्याखालच्या आकड्यावरून वाढीचा टक्का कसा काढणार?

एप्रिल 2018 पासून हिशेबाचा नियमही बदलला. पूर्वी बांधकाम जसजसं पुढे जाई तसतसा नफा धरत. आता बऱ्याच कंपन्या फ्लॅटचा ताबा देताना धरतात. तोवर गिऱ्हाइकांनी भरलेले हप्ते देणं म्हणूनच दिसतात. त्यामुळे तीन-चार वर्षं आकडा हलत नाही, आणि ताब्याच्या वर्षी एकदम उडी मारतो. कोणतं वर्ष धरून तुलना केली, त्यावर सगळं अवलंबून.

आणि बांधकामाच्या कर्जाचं व्याज? तेही बऱ्याचदा इमारतीच्या खर्चात मिळवतात. वाण्याच्या उधारीचं व्याज डब्यातल्या पापडांच्या किमतीत धरावं, तसं. पापड खपले तर ठीक!

दोघींनी मग वार्षिक अहवाल काढले. आधी बघितलं ते पाच वर्षांपूर्वी शेअर किती होते आणि आता किती. पहिलीचे जवळजवळ निम्म्याने वाढलेले. त्यातून आलेला पैसा बाजूला काढला आणि दुसरीचा वाटलेला लाभांश मिळवला, तर दुसरीच पुढे निघाली. वहिनींचा चेहरा खुलला, पण लगेच मी बोट ठेवलं: दुसरीचा न विकलेल्या घरांचा साठा दरवर्षी फुगतोय, आणि धंद्यातून हातात रोख मात्र दोन वर्षं काही आलेली नाही.

पैसे तूर्त पोस्टातच आहेत. ते फ्लॅट कुठल्या गावात पडून आहेत, ते वहिनी शोधताहेत.