पाचटास लावलेली काडी

ऊसतोडणीच्या हंगामात टोळी एक फड संपवून दुसऱ्याकडे वळली की, करवीर, कागल, हातकणंगले, शिरोळ या तालुक्यांच्या शिवारांतून सायंकाळी धुराचे लोट उठू लागतात. वाढे जनावरांकरिता आधीच वेगळे काढलेले असतात. मागे उरते ते पाचट, ज्यास या भागात नुसते पाला असेच म्हणतात, आणि त्याचा उपयोग फारसा कोणास वाटत नाही. काडी लावली की रान मोकळे होते व दुसऱ्या दिवसापासून खोडव्याची कामे धरता येतात.

हा मोकळेपणा महाग पडतो. एकरी तीन ते चार टन पाचट निघते आणि त्यात नत्राचे प्रमाण शेकडा ०.४ ते ०.५ इतके असते. चार टनांचा हिशेब धरला तर निदान १६ किलो नत्र, म्हणजे सुमारे ३५ किलो युरियातील नत्र होय. आगीत हे जवळजवळ सर्व हवेत उडून जाते. पालाश राखेत काही अंशी उरते खरे, पण राखच वाऱ्यावर जाते. त्यानंतर तोच शेतकरी सोसायटीत युरियाच्या पोत्यासाठी उभा राहतो. युरिया तयार करण्यास नैसर्गिक वायू लागतो, आणि शेतात टाकलेल्या युरियातील काही नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन वातावरणात जाते. हा वायू वजनास वजन धरता कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पाचटाच्या धुरातील कार्बन डाय-ऑक्साइड हा उसानेच वर्षभरात हवेतून घेतलेला असतो. तेवढ्यापुरता शेतकरी दोषी नाही. पण काजळी, मिथेन व नायट्रस ऑक्साइड यांची त्यात भर पडते, आणि ज्या कर्बाचा काही भाग जमिनीत मुरून राहिला असता, तो राहत नाही. गुऱ्हाळघराच्या चुलवाणात चिपाड जळते तेव्हा निदान गूळ तरी होतो. शेतात जळणाऱ्या पाचटाने काहीच होत नाही.

हवामानाची चिंता कारखानदारांनी व मोठ्या शहरांनी करावी, असे बोलणारे पुष्कळ आहेत. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये ती ५५ फुटांवर गेली व नदीकाठचा ऊस कित्येक दिवस पाण्याखाली कुजला. एका काडीने पूर आला असे कोणी म्हणणार नाही. तथापि हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते, आणि ते बाष्प पश्चिम घाटावर कोसळते तेव्हा सर्वप्रथम बुडते ते याच जिल्ह्यातील रान.

शेतकरी पाचट जाळतो ते अज्ञानाने, असे मानणे हा विस्तार कार्यातील जुना दोष आहे. त्याच्या अडचणी खऱ्या आहेत. पाचटात उंदीर व साप राहतात, सरीतून पाणी लवकर पुढे सरकत नाही, मजूर मिळत नाही. कुट्टी करणारे यंत्र आहे. पण वीस गुंठ्यांच्या तुकड्यात ते आणण्यास कोणी तयार नसतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात पुष्कळ ठिकाणी ऊस न जाळता तोडून पाचट रानातच पसरतात, परंतु तेथील यंत्रतोडीच्या मोठ्या शेतांचा दाखला येथे जपूनच द्यावा.

लहान रानासाठी यंत्रावाचून चालणारी रीत अशी : पाचट एक आड एक सरीत दाबावे व पाणी मोकळ्या सरीतून द्यावे. बुडख्यांवर पाचट राहू देऊ नये; उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत, म्हणजे फुटवे जोमाने येतात. दर टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत. हा युरिया पाहून शेतकरी हसतो. परंतु तो न दिल्यास कुजविणारे जिवाणू जमिनीतले नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. पुढील खत पहारीने, बुडख्यापासून अर्ध्या फुटावर भोके पाडून द्यावे. आच्छादनाखाली ओल टिकते, तण कमी येते, भांगलणीचा खर्च वाचतो. ज्या जमिनीस निचरा नाही तेथे मात्र आधी चर काढावेत.

सर्वांत मोठी अडचण शेजाऱ्याची आहे. एकाने पाचट राखले व बांधापलीकडच्याने पेटविले, तर वाऱ्याच्या एका झोताने दोन्ही राने जातात, आणि ज्याने राखले त्याचे फुटवेही होरपळतात. म्हणून हा निर्णय एकट्याने घेऊन भागत नाही. एका पाटावर ज्यांची राने आहेत त्यांनी तोड सुरू होण्यापूर्वी एकत्र बसून तो घ्यावा, आणि साखर कारखान्यांच्या शेती विभागांनी कुट्टीयंत्राच्या पाळ्या अशा सलग पट्ट्यांनाच आधी लावाव्यात. तोवर बांधालगतचे पाचट आत ओढून कडेची पट्टी मोकळी व ओली ठेवावी.