आरोग्याच्या पानाला जामीन कोण?

गेल्या पावसाळ्यात मिरज तालुक्यातील एका वस्तीतून एक तरुण आपल्या वडिलांना घेऊन आमच्याकडे आला. वडील साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले. उजवा पाय गुडघ्याखाली कापलेला. तरुणाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून रेशनकार्ड, दवाखान्याचे कागद आणि त्यांतच जपून ठेवलेले वर्तमानपत्राचे एक कात्रण काढले. शुगर मुळापासून बरी, २१ दिवसांत गोळ्या कायमच्या बंद, शंभर टक्के गॅरंटी, आणि खाली एक मोबाईल नंबर. बारा वर्षे नियमाने घेतलेल्या गोळ्या या गृहस्थांनी ते वाचून सोडल्या आणि कुरिअरने आलेली पावडर सुरू केली. तिसऱ्या महिन्यात पायाची जखम काळी पडली. आम्ही विचारले, "काका, डॉक्टरांना न विचारता गोळ्या का सोडल्या?" ते म्हणाले, "आपल्या पेपरात छापून आलंतं साहेब. खोटं कसं असंल?"

'आपल्या पेपरात' या शब्दांनी आम्हाला गप्प केले. ते दैनिक चळवळीचे म्हणवते. आम्ही ते वाचतो, त्यात लिहितोही. त्याचे नाव येथे घेत नाही, कारण प्रश्न एका दैनिकाचा नाही. प्रश्न असा आहे की, आरोग्याविषयी जे छापले जाते ते खरे आहे याची हमी कोण घेतो? न्यायालयात साध्या मारामारीच्या गुन्ह्यातही आरोपीला सोडताना जामीनदार मागतात. मग हजारो घरांत जाणाऱ्या आरोग्याच्या पानाला जामीनदार नको काय?

यावर संपादक मंडळी अंकाच्या तळाशी बोट दाखवतात. तेथे बारीक अक्षरांत लिहिलेले असते की, जाहिरातीतील मजकुराची खातरजमा वाचकांनी स्वतः करून घ्यावी. ज्या समाजाला शेकडो वर्षे अक्षर नाकारले गेले, त्या समाजाचा छापील अक्षरावर विश्वास आहे. हा विश्वास बाबासाहेबांनी लेखणीने कमावून दिला. त्या वाचकाला तुम्ही सांगता की, औषधाची खातरजमा तूच कर! कशी करायची? वस्तीत प्रयोगशाळा आहे काय?

कायद्याच्या दृष्टीनेही त्या बारीक ओळीचा फारसा आधार नाही. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ साली झाला. त्याच्या परिशिष्टात ५४ आजार व अवस्था दिल्या आहेत. मधुमेह, कर्करोग, अर्धांगवायू, फेफरे, क्षय, कुष्ठरोग, कोड, मुतखडा, रक्तदाब, स्त्रियांचे वंध्यत्व, लठ्ठपणा, इतकेच काय, उंची वाढवणेसुद्धा त्यात आहे. हे आजार अमुक औषधाने बरे होतात असे सुचवणाऱ्या जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणीही कसलाही भाग घेऊ नये, असे कलम ३ सांगते. 'कोणीही' आणि 'कसलाही' हे शब्द नीट वाचावेत. पहिल्या दोषसिद्धीला सहा महिन्यांपर्यंत कैद, पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत, किंवा दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे. ताईत, मंत्र, कवच यांनाही हा कायदा जादूचे उपाय म्हणूनच ओळखतो. आणि प्रामाणिक लेखकाने घाबरण्याचे कारण नाही, कारण शास्त्रीय किंवा सामाजिक दृष्टीने सद्भावनेने लिहिलेल्या ग्रंथाला याच कायद्याने मोकळीक दिली आहे.

हे अभिव्यक्ती स्वातंत्र्यावरचे आक्रमण आहे, असा युक्तिवाद हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली कायद्याचे काही तुकडे रद्द केले, पण मूळ बंदी कायम ठेवली. औषध विकण्यासाठी केलेली जाहिरात म्हणजे विचारांचा प्रचार नव्हे, हे तत्त्व तेव्हाच ठरले. २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. त्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये दैवी शक्तीची यंत्रे विकणाऱ्या दूरचित्रवाणीवरील जाहिराती बेकायदा ठरवल्या आणि त्या दाखवणाऱ्या वाहिन्यांनाही जबाबदार धरले. दाखवणारा सुटत नाही, तर छापणारा कसा सुटेल?

तरी आमच्या त्या काकांना न्याय मिळाला काय? खरे सांगायचे तर नाही. मोबाईल बंद झाला होता. पावडरच्या पुडीवर पत्ता नव्हता. दैनिकाच्या जाहिरात विभागाने सांगितले की, आम्ही फक्त जागा विकतो. आम्ही संबंधित खात्याकडे तक्रार दिली. पण जाहिरात वाचली म्हणूनच गोळ्या सोडल्या आणि गोळ्या सोडल्या म्हणूनच पाय गेला, ही साखळी पुराव्याने जोडणे किती कठीण असते हे वकील जाणतात. कायदा पाय गेल्यावर येतो. छापणाऱ्याची तपासणी मात्र पाय जाण्याआधी होऊ शकते. म्हणूनच ती अधिक महत्त्वाची आहे.

जाहिराती बाजूला ठेवल्या तरी लेखांचे काय? आमच्या छोट्या दैनिकांत आरोग्याचे सदर बहुधा कोठून तरी उचललेले असते. खाली नाव नाही, शिक्षण नाही, तारीख नाही. 'संशोधनात सिद्ध झाले आहे' असे लिहिलेले असते. संशोधन कोणाचे, किती लोकांवर, याचा पत्ता नसतो. मोठ्या भांडवलदारी दैनिकांची तऱ्हा वेगळी. तेथे नाव असते, पदव्या असतात, आणि गुडघा बदलण्याच्या लेखाखाली त्याच डॉक्टरच्या रुग्णालयाचा फोन नंबरही असतो! भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार डॉक्टरने जाहिरातीतून रुग्ण ओढणे अनैतिक आहे. ते नियम डॉक्टरसाठी आहेत. पण लेखाच्या वेषात जाहिरात छापणारा संपादक त्या अनैतिकतेत भागीदार होतो, एवढे तरी मान्य करावे.

चूक केवळ लबाडीतून होते असेही नाही. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा नागपंचमीसाठी प्रसिद्ध. दर श्रावणात सापांवर मजकूर छापला जातो. सर्पदंश झाल्यास वर घट्ट आवळपट्टी बांधा, चिरा देऊन रक्त काढा, असा उपचार एके काळी प्रथमोपचाराच्या पुस्तकांतही होता. आज वैद्यकशास्त्र याच्या उलट सांगते. चिरा देऊ नका, चोखू नका, घट्ट बांधू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, रुग्णाला धीर द्या आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात ताबडतोब न्या. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. आता जुने पुस्तक समोर ठेवून कोणी सदर लिहिले तर हेतू चांगला असूनही शेतमजुराचा हात जाईल. क्षयाचेही तसेच. पूर्वी सरकारी कार्यक्रमात औषधे एक दिवसाआड होती. २०१७ पासून ती देशभर रोज दिली जातात. जुना लेख तसाच पुन्हा छापणे म्हणजे रुग्णाला चुकीच्या रस्त्यावर सोडणे.

शब्दाचेही तेच. जुलाबात घरी करायच्या पाण्याचे प्रमाण एक लिटर स्वच्छ पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ असे आहे. मुद्रितशोधनात 'अर्धा' हा एक शब्द गळाला तर मीठ दुप्पट होते, आणि ते पाणी तान्ह्या बाळाला घातक ठरू शकते. अग्रलेखात शब्द गळला तर वाचक हसतो. येथे मूल दगावते.

मग चांगले प्रकाशक काय करतात? त्यात गुपित काही नाही. लिहिणारा कोण आणि त्याचे शिक्षण काय, हे छापतात. लिहिणाऱ्याखेरीज त्या विषयाच्या दुसऱ्या डॉक्टरकडून मजकूर तपासून घेतात आणि तपासणाऱ्याचेही नाव देतात. माहितीचा आधार सांगतात. केव्हा लिहिले, केव्हा पुन्हा तपासले, याची तारीख टाकतात. लेख आणि जाहिरात यांच्यात भिंत ठेवतात. लिहिणाऱ्याला कोणाचे पैसे मिळत असतील तर ते उघड करतात. आणि चूक झाली तर ती कबूल करतात.

ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. इंग्लंडचे 'लॅन्सेट' हे जगातील नामांकित वैद्यकीय नियतकालिक. १९९८ मध्ये त्याने अवघ्या १२ मुलांवर आधारलेला एक लेख छापला आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा संबंध मुलांच्या ऑटिझमशी असावा अशी शंका पसरली. लस कंपन्यांविरुद्ध दावे लावणाऱ्या वकिलाकडून लेखकाला पैसे मिळाले होते, हे पुढे ब्रायन डीअर या पत्रकाराने उघडकीस आणले. वकील म्हणून आम्ही हे लाजेने नोंदवतो. लेख मागे घ्यायला २०१० साल उजाडले. त्या १२ वर्षांत पालकांनी लस टाळली आणि गोवर परत आला. एवढे तपासनीस असलेल्या ठिकाणी ही गत, तर ज्या सदराला एकही तपासनीस नाही त्याचे काय?

दुरुस्ती कशी छापावी, हेही आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने दाखवले आहे. पतंजली आयुर्वेदच्या जाहिरातींच्या प्रकरणात एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने वर्तमानपत्रांतून माफी छापली, तेव्हा खंडपीठाने विचारले की, माफीचा आकार जाहिरातीएवढाच आहे काय? आमच्या मते प्रत्येक संपादकाने हा प्रश्न आपल्या टेबलावर लिहून ठेवावा. चूक पहिल्या पानावर मोठ्या टाइपात आणि दुरुस्ती आतल्या पानावर कोपऱ्यात, ही दुरुस्ती नव्हे. याच प्रकरणात ७ मे २०२४ रोजी न्यायालयाने जाहिरातदाराकडून आधी स्वयंघोषणापत्र घेण्याचा आदेश दिला आणि जाहिरातीत झळकणाऱ्या नामवंतांनाही जबाबदार धरले.

या कामाची परंपरा आमच्या दोन जिल्ह्यांना नवी नाही. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले, साताऱ्यात दवाखाना चालवला आणि पुढे 'साधना' साप्ताहिकाचे संपादक झाले. अंधश्रद्धा निर्मूलनाचे 'वार्तापत्र' सांगलीतून निघत आले आहे. बुवाबाजीने रोग बरे करण्याचे दावे तपासा, पुरावा मागा, मगच लिहा, ही शिस्त या मंडळींनी पाळली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. पुरावा मागण्याची किंमत त्यांनी प्राणाने चुकती केली. आम्ही एक जाहिरात नाकारण्याचीही किंमत देणार नाही काय?

येथे आमचे संपादक मित्र म्हणतील, वकीलसाहेब, तुम्हाला बोलायला काय जाते? मोठ्या कंपन्या आम्हाला जाहिराती देत नाहीत. सरकारी जाहिरातींची बिले महिनोन्महिने अडतात. कागद, छपाई, पगार कशातून भागवायचे? हे म्हणणे खोटे नाही. १९२० साली 'मूकनायक' निघाले तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती. बहुजनांच्या पत्रांची आर्थिक कोंडी तेव्हापासूनची आहे. पण तेवढ्याने त्या पैशासाठी आपल्याच वाचकाचा पाय विकता येत नाही. न्या. रानडे यांच्यावर १९४३ साली पुण्यात दिलेल्या व्याख्यानात बाबासाहेबांनी, पत्रकारिता हा पेशा न राहता व्यापार झाला, अशी खंत व्यक्त केली होती. ती दुसऱ्यांच्या पत्रांसाठी होती आणि आपल्यासाठी नव्हती, असे समजण्याचे कारण नाही. ऐकीव आहे, लिहिलेले आहे, मोठ्या माणसाने सांगितले आहे, एवढ्यावरून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. ते आपण पहिल्या पानावर छापतो आणि शेवटच्या पानावर गॅरंटीच्या पुड्या विकतो!

म्हणून आमच्या सूचना अगदी साध्या आहेत. १९५४ च्या कायद्याचे ५४ नावांचे परिशिष्ट मराठीत टाइप करून प्रत्येक जाहिरात विभागाच्या भिंतीवर लावावे. त्यातला आजार दिसला की जाहिरात परत. सातारा-सांगलीत आपल्या समाजातून शिकलेले डॉक्टर, औषधनिर्माते, परिचारिका पुष्कळ आहेत. त्यांच्यातील दोघांनी आठवड्याला एक तास दिला तरी एक सदर तपासून होते. तोच मजकूर छापण्यापूर्वी एखाद्या आशाताईंना वाचायला द्यावा. त्यांना जे समजले तेच आपल्याला म्हणायचे होते काय, हे पाहावे. आमच्यापुरते सांगतो: जी दैनिके शंका असलेली जाहिरात छापण्याआधी पाठवतील, त्यांना कायद्याचा सल्ला आम्ही विनामूल्य देऊ.

आणि वाचकांनीही आपला वाटा उचलावा. फुकट वाचून पेपर शुद्ध राहत नाही. वर्गणी भरा, आणि मग हक्काने विचारा की, हे कोणी लिहिले, कोणी तपासले, केव्हा तपासले? उत्तर नसेल तर संपादकाला पत्र टाका. एकाच गावातून अशी दहा पत्रे गेली तरी संपादकाला त्यांची दखल घ्यावी लागेल.

ते काका आता कुबडीवर चालतात. गोळ्या पुन्हा नियमाने घेतात. पेपर मात्र बंद केलेला नाही. रोज सकाळी नातवाकडून वाचून घेतात. हा विश्वास अजून शिल्लक आहे. तो संपण्यापूर्वी त्याला लायक होऊ या.

जयभीम!